एका हेक्सात किती माणसं मावतात

काकांना तो नियम पहिल्या दिवसापासून ठाऊक होता आणि त्यांनी मला सांगितला नाही, हे मला अजून खुपतं. त्यावरून आमचं कितीदा तरी वाजलं आहे. त्यांचं म्हणणं एकच, "मी तुझ्या समोरच्या बाजूला होतो." बरोबरच आहे ते. तरी खुपतं.

काका म्हणजे आमच्या सोसायटीतले निवृत्त मेजर. सगळी नोकरी तोफखान्यात, शेवटची काही वर्षं देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत शिकवण्यात गेली. गुडघे दुखायला लागल्यावर फिरणं सुटलं आणि मुलाने लॅपटॉप आणून दिला. मी हिशेबनीस, शाळेपासून युद्धाची पुस्तकं वाचत आलेला. आमची गाठ पडली ती 'द ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर'मुळे. नॉर्म कोगर यांनी बनवलेला हा गेम १९९८ साली आला, आता त्याची चौथी आवृत्ती आहे. यात पळणारे सैनिक किंवा रक्तबिक्त काही दिसत नाही. षटकोनी घरांचा नकाशा असतो, त्या घरांना सगळे हेक्सच म्हणतात, आणि त्यावर रेजिमेंट, ब्रिगेड, डिव्हिजन यांच्या चौकोनी सोंगट्या. आपला टर्न खेळायचा, फाईल ईमेलने पाठवायची, समोरच्याचा टर्न येईपर्यंत थांबायचं.

डाव होता एप्रिल १९४५ चा. ओडर नदी ओलांडून बर्लिनकडे निघालेलं लाल सैन्य माझ्याकडे, समोर सीलोच्या टेकड्यांवर बसलेले जर्मन काकांकडे. एक हेक्स अडीच किलोमीटरचा, एक टर्न अर्ध्या दिवसाचा. माणसं, रणगाडे, तोफा, सगळं माझ्याकडे कितीतरी पट जास्त.

टेकडीच्या चढावर एक हेक्स होता. त्यात जर्मनांच्या ९ व्या पॅराशूट डिव्हिजनची एक थकलेली रेजिमेंट आणि सोबत ८८ मिलिमीटरच्या काही तोफा. तो पडला की मागचा रस्ता मोकळा होणार होता. मी तीन बाजूंच्या तीन हेक्सांत जेवढं मावेल तेवढं आणून भरलं. एका हेक्सात नऊपेक्षा जास्त युनिटं हा गेम ठेवूच देत नाही. म्हणजे नऊपर्यंत ठेवायला हरकत नाही, असाच कुणीही त्याचा अर्थ घेईल, मीही घेतला. रायफल रेजिमेंटा, टी-३४ च्या ब्रिगेडी, सॅपर, सगळ्यांना एकाच घरावर सोडलं. हल्ल्याआधी किती नुकसान सोसायचं हे ठरवून द्यावं लागतं. त्यासाठी तीन पर्याय असतात, आणि मी सगळ्यांना 'इग्नोअर लॉसेस' दिलं. म्हणजे कितीही पडले तरी मागे फिरायचं नाही.

हेक्स मिळाला. माझी सोंगटी चढावर जाऊन बसली. काकांचा ईमेल आला, "छान. अवघड जागा घेतलीस." मी खूष होतो.

पुढच्या टर्नला त्यांनी त्या हेक्सावर उलट हल्ला केला नाही. नुसता तोफखाना लावला, जेवढा पल्ल्यात होता तेवढा सगळा. मला वाटलं, माणसं उरली नाहीत म्हणून तोफांवर भागवतायत. मीही तिथून हललो नाही, उलट मागून आणखी दोन ब्रिगेडी त्याच घरात घातल्या, कारण पुढचा हेक्सही तसाच घ्यायचा होता. तोही मिळाला. मग त्याच्या पुढचा.

आणि मग एका टर्नला माझं सैन्य हलेनासं झालं. हल्ला नेमला की युनिट लगेच माघार घेई, काही तर एका फटक्यात नकाशावरून पुसली जात. एका टँक ब्रिगेडवर क्लिक करून आत काय आहे ते पाहिलं. टी-३४/८५ च्या ओळीत मंजूर संख्या ६५ आणि हातात २३. शेजारच्या रायफल रेजिमेंटमध्ये स्क्वॉड निम्म्याहून कमी. तिथून मी एकूण शिल्लक आणि भरतीचा तक्ता उघडला, जो मी तोवर कधी नीट पाहिलाच नव्हता. त्यात प्रत्येक शस्त्राची आणि स्क्वॉडची एक ओळ असते: किती असायला हवेत, किती आहेत, किती गेले, दर टर्नला किती नवे मिळणार. गेलेल्यांचा रकाना खाली सरकवत गेलो तसा घसा कोरडा पडला. मी तीन हेक्स घेतले होते, म्हणजे साडेसात किलोमीटर. त्यांच्यापायी एका अख्ख्या आर्मीचं पायदळ गेलं होतं आणि मिळणारी भरती त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. हिशेबाच्या धंद्यातला माणूस मी. इतके टर्न नफा दाखवणारं खातं आतून पोखरलेलं निघावं, तसं वाटलं.

मी थेट वर काकांच्या घरी गेलो आणि सांगितलं की गेम फिरवलेला आहे. पाचास एक बळ असताना असा निकाल लागूच शकत नाही, याचे फासे जर्मनांच्या बाजूने आहेत. ही तक्रार काही नवी नाही. प्रशियन अधिकारी राइसवित्झ यांनी १८२४ साली युद्धखेळाचे नियम छापले, त्यात हानी फासे आणि तक्ते यांवरूनच काढत, आणि तेव्हापासून हरणारा प्रत्येक जण फाशाला बोल लावत आला असणार. काकांनी वाद घातला नाही. म्हणाले, "तुझ्या सोंगट्यांच्या स्टॅकपाशी एक रंगीत ठिपका दिसतो, तो कशाचा आहे?"

मला वाटायचं तो युनिटच्या तब्येतीचा असेल, जसा इतर ठिकाणी असतो. तो गर्दीचा होता. हेक्सच्या आकाराच्या मानाने तिथे सामग्री जास्त झाली की ठिपका पिवळा होतो, मग नारिंगी, मग लाल, आणि रंग जसजसा चढतो तसतशी तुमची हानी वाढत जाते. समोरच्याची नाही, तुमची. आणि हल्ल्यात हा हिशेब एकेका मागच्या घरातल्या गर्दीवर थांबत नाही. तीन बाजूंनी तुटून पडणारे सगळे शेवटी एकाच घरात घुसत असतात, म्हणून त्या सगळ्यांची मिळून गर्दी धरली जाते. माझे ठिपके पहिल्या हल्ल्यापासून लाल होते. काकांना ते दिसत होते.

इथेच आमचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं. माझा मुद्दा मी आजही सोडलेला नाही. गेम नऊ युनिटं ठेवू देतो, हल्ला करू देतो, वर जिंकूही देतो. जिंकलेलं घर ठळक दिसतं, तुमचा रंग चढलेला. हरलेली माणसं मात्र तीन क्लिक खाली, एका तक्त्यात, 'रायफल स्क्वॉड' असल्या कोरड्या नावाने. जो रोज जिंकतोय तो तक्ता उघडेल कशाला? ज्याने नियम लिहिला त्याला तो माहीत होता, ज्याच्या तोफा माझ्यावर रोखलेल्या होत्या त्यालाही माहीत होता, आणि ज्याची माणसं मरत होती तो एकटा अंधारात. नियमपुस्तकात हे लिहिलेलं आहे, हे खरं. पण ते पुस्तक जाडजूड आहे आणि त्यात हवेतल्या इंधनभरणीपासून गनिमी टोळ्यांपर्यंत सगळंच लिहिलेलं आहे. 'छान' म्हणणाऱ्या माणसाने एवढं तरी म्हणावं, की बाबा रे, ठिपका बघ. काका म्हणाले, "ओडरवर कोण सांगायला आलं होतं?" मी उठून खाली आलो.

समजूत पटली ती नंतर, आणि तीही त्यांच्याकडूनच, हे सांगायलाच हवं. त्यांनी कागद घेतला आणि एक षटकोन काढला. अडीच किलोमीटर रुंदीचा हेक्स म्हणजे साधारण साडेपाच चौरस किलोमीटर जमीन. "तोफखानावाला माणूस बघत नाही," ते म्हणाले. "तो नकाशावरचा तुकडा बघतो. या तुकड्यावर मी समज शंभर गोळे टाकले. तिथे हजार माणसं असतील आणि पन्नास लागली, तर चार हजार असताना दोनशे लागतील. माझे गोळे तेवढेच. वाढलेली दीडशे माणसं मला तू दिलीस." मग पेन्सिलने पुढच्या कडेवर एक ओळ ओढली. "बंदूक चालवू शकतात ही एवढीच. त्यांच्या मागचे गोळी झाडू शकत नाहीत, झाडली तर आपल्याच माणसाच्या पाठीत जाईल. पण गोळी खाऊ शकतात. मशीनगनची गोळी पहिल्याला चुकली तर दुसऱ्याला, दुसऱ्याला चुकली तर तिसऱ्याला." जवानांना शिकवताना उस्ताद दिवसभर एकच ओरडत असत, "बंचिंग मत करो!" असं ते म्हणाले आणि तसं ओरडूनही दाखवलं, काकू आतून डोकावल्या.

माझ्या डोक्यात तोवर जे गणित होतं ते फ्रेडरिक लँचेस्टरचं. या इंग्रज इंजिनिअरने १९१६ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की नेम धरून मारणाऱ्या दोन फौजांत ज्याची संख्या दुप्पट त्याचं बळ चौपट धरावं. पुस्तकं वाचणारे आम्ही लोक हा वर्गाचा नियम मंत्रासारखा घोकतो. पण त्याच लँचेस्टरची दुसरी बाजू आम्ही विसरतो. नेम न धरता क्षेत्रावर केलेल्या माऱ्यात शत्रूचे गोळे किती यासोबत तुम्ही तिथे किती, हेही गुणलं जातं. तुम्ही वाढलात की त्याचे फटके आपोआप वाढतात. त्यामुळे संख्येचा वर्गाचा फायदा तिथे उरत नाही. त्यात जे मागे अडकलेत आणि मारूच शकत नाहीत, ते निव्वळ तोट्याच्या बाजूला. गेमने मला हेच लाल ठिपक्यातून सांगितलं होतं.

मग मी खरं सीलो वाचायला घेतलं, आणि गेमवरचा राग बराचसा दुसरीकडे वळला. १६ एप्रिल १९४५ च्या पहाटे सोव्हिएत सेनापती झुकोव्ह आपल्या हाताखालच्या चुइकोव्हच्या ठाण्यावर, राइटवाइनच्या उंचवट्यावर उभा होता. प्रचंड तोफमारा झाला, पण समोरच्या जर्मन सेनापती हाइनरिचीने पहिल्या खंदकांतली बरीचशी माणसं आधीच मागे घेतली होती, गोळे रिकाम्या मातीत पडले. अंधारात शत्रूचे डोळे दिपवायला १४३ सर्चलाइट लावले होते, त्यांचा उजेड धूर आणि धुळीवरून उलटा फिरला. खाली ओडरचं खोरं, वसंतातल्या पुराने चिखल झालेलं, ठिकठिकाणी चर आणि कालवे, टेकडीवर चढणारे रस्ते मोजके. पायदळ अडकलं. ठरलं असं होतं की फळी फुटल्यावर टँक आर्म्या आत शिरतील. झुकोव्हने त्याच दिवशी, फळी फुटायच्या आधी, १ ली आणि २ री गार्ड्स टँक आर्मी पुढे ढकलली. म्हणजे ज्या रस्त्यांवर पायदळाच्या तोफा आणि दारूगोळ्याचे ट्रक चालले होते, त्याच रस्त्यांवर शेकडो रणगाडे. बाजूला उतरावं तर चिखल. वर ८८ च्या तोफा. टेकड्या पडायला आणखी काही दिवस गेले. दुसरीकडे स्टालिनने शेजारच्या आघाडीचा सेनापती कोनेव्ह याला दक्षिणेकडून बर्लिनच्या दिशेने वळायची मुभा दिली होती, ती घाई झुकोव्हच्या मानगुटीवर बसलेली. रशियन लष्करी इतिहासकार क्रिवोशेयेव्हने नंतर संकलित केलेल्या अधिकृत आकड्यांनुसार अख्ख्या बर्लिन मोहिमेत, १६ एप्रिल ते ८ मे, पोलिश सैन्यासह ८१,११६ माणसं मेली, बेपत्ता झाली किंवा पकडली गेली. युद्ध संपायला तीन आठवडे उरले होते. त्या माणसांनी मॉस्कोपासून किंवा स्टालिनग्राडपासून इथवर चालत येऊन, घरी जायच्या तोंडावर, ट्रकांच्या रांगेत उभं राहून मरावं, हे मला वाचवेना.

हा प्रकार फक्त रशियनांचा, असं समजण्याचंही कारण नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, कोलेन्सोला, १५ डिसेंबर १८९९ रोजी ब्रिटिश जनरल हार्टने आपली आयरिश ब्रिगेड तुगेला नदीच्या वळणात शिरवली, तीही खांद्याला खांदा लावून, कारण दाट रांगेतच शिस्त राहते अशी त्याची श्रद्धा होती. वळणाच्या तिन्ही बाजूंनी बोअर बंदुका. पाचशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. ब्रिटिशांनी तिथून विरळ रांगेचा धडा घेतला असं म्हणतात. घेतला असेल, पण पहिल्या महायुद्धापर्यंत तो किती लवकर विसरले तेही सगळ्यांना माहीत आहे.

नवीन खेळणाऱ्याने माझं ऐकावं. हल्ला नेमण्याआधी ठिपका बघायचा, लाल असेल तर निम्मी युनिटं काढून घ्यायची, आणि ती काढताना जिवावर येतं तेव्हाच काढायची. तोफखाना लांबूनच साथ द्यायला ठेवायचा, त्याला शत्रूच्या घरात घुसवण्यात अर्थ नाही. एका टर्नमध्ये दहा फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत चार रेजिमेंटांनी दार ढकललं तर उरलेल्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत ताज्या दमाने आत जातात. सगळ्यांनी एकदम ढकलायचं कारण नसतं. आणि घर मिळाल्यावर तिथे गोळा होऊ नका. जिंकलेल्या घरात माझी जेवढी माणसं गेली तेवढी ते घर जिंकताना गेली नव्हती. काकांनी उलट हल्ला का केला नाही हे मला तेव्हा कळलं. करायची गरजच नव्हती, मी लक्ष्य रचून ठेवलं होतं.

तोच डाव आम्ही पुन्हा खेळलो आणि मी हे सगळं पाळलं. रुंद आघाडी, विरळ स्टॅक, रणगाडे दोन हेक्स मागे. हानी खरोखरच एवढी कमी झाली की मला तो तक्ता उघडायची सवयच लागली. पण टेकडी फार उशिरा पडली, आणि डाव संपला तेव्हा बर्लिनच्या वेशीवरची लक्ष्यं काकांच्याच हातात होती. मी हरलो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. काकांना मात्र वाटलं. "बाजू बदलू," ते म्हणाले.

लाल सैन्य घेऊन त्यांनी जे केलं त्याने मी चकित झालो. त्यांनी गर्दी केली. तोच चढावरचा हेक्स, तोच लाल ठिपका. फरक एवढाच की त्याआधीचे सगळे टर्न त्यांनी माझ्या तोफखान्यावर घालवले होते. पल्ल्यात आलेली माझ्या तोफांची एकेक बॅटरी शोधून झोडपली, माझा पुरवठ्याचा रस्ता तोडला, आणि माझ्या तोफांकडे फेकायला फारसं काही उरलं नाही तेव्हा एका फेरीपुरता जमाव उठवला. त्याच टर्नच्या उरलेल्या फेऱ्यांत ते घर रिकामं करून सगळ्यांना पुढे पांगवलं. माझा टर्न आला तेव्हा झोडपायला तिथे एकच बटालियन होती. ठिपका लाल असला तरी त्या गर्दीवर पडायला आग नव्हती. त्यांचा मुद्दा मला समजला, मान्यही आहे. मग मी इतके दिवस गर्दी म्हणजे गुन्हा असं जे बोलत होतो त्याचं काय, असं त्यांनी विचारलं, आणि मला ते अर्धवट मागे घ्यावं लागलं.

अर्धवटच, कारण डाव संपल्यावर मी त्यांचा तक्ता मागून घेतला. त्या एका फेरीतही त्यांची हानी थोडीथोडकी नव्हती. ते वेळेत बर्लिनला पोचले, मी पोचलो नव्हतो, हे त्यांचं समर्थन. मी म्हणालो की घाई कोनेव्हशी असलेल्या शर्यतीची होती, युद्धाची नव्हती, आणि आपल्या डावातली घाई तर कुणीतरी लिहिलेल्या टर्नांच्या आकड्याची. ते म्हणाले की आदेश घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो आकडाच युद्ध असतो, आणि आयुष्यभर असे आदेश घेतलेल्या माणसाला हे उलटून सांगणं मला जमलं नाही. तरी माझं मत बदललेलं नाही. दोन दिवस उशीर झाला असता.

पुढच्या डावासाठी मी सुचवलंय की घेतलेल्या हेक्सांच्या गुणांतून गेलेल्या स्क्वॉडचे गुण आपण वजा करू, आणि गेममध्ये बसवता आले नाहीत तर वहीत धरू. काका तयार नाहीत. म्हणतात, अशाने कुणी हल्लाच करणार नाही, आणि मग खेळायचं कशाला. आम्ही अजून त्यावर घासाघीस करतोय. तोवर नवा डाव सुरू झालाय, पुन्हा ओडरच, जर्मन माझ्याकडे, आणि काल रात्री त्यांनी रस्त्यावर नारिंगी ठिपक्याचे दोन स्टॅक उभे केलेत. माझ्या तोफांना या वेळी पुरेसे गोळे आहेत.